बिऱ्हाड हलवताना फर्निचरनं दाखवलेले रंग : तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आम्ही घर बदललं. कपाट, जेवणाचं टेबल, बेड, सगळं सुखरूप पोचलं. बेडचे आठ बोल्ट तेवढे पोचले नाहीत. मीच ते एका पिशवीत घालून 'नीट ठेवले' होते. नऊ रात्री गादी जमिनीवर अंथरून झोपलो आणि दहाव्या दिवशी बोल्ट मिक्सरच्या भांड्यात सापडले.

ट्रक आल्यावर जे होतं ते होतंच, घोळ घालायची खरी संधी आदल्या दोन दिवसांत असते असं माझं मत झालंय. फर्निचर खोलताना, बांधताना, दारातून काढताना तुमचं काय झालं ते सांगा. घराचं किंवा ऑफिसचं, कुठलंही चालेल. फजितीला प्राधान्य.

पाचवा मजला
बोल्ट ज्या भागाचे, त्याच भागाला बांधायचे. वेगळी 'बोल्टची पिशवी' केली की ती हरवणारच! मी बेडच्या साइडपट्टीला आतल्या बाजूनं पिशवी सुतळीनं बांधते. खोलण्याआधी प्रत्येक जोडावर पेन्सिलनं जुळे आकडे घालते. पट्टीवर ३, ती ज्या पायात बसते त्या पायावरही ३. फोटोही काढते, पण फोटोत डावी पट्टी आणि उजवी पट्टी सारखीच दिसते.

आणि खाकी टेप पॉलिशवर थेट लावू नका. माझ्या टीपॉयचं पॉलिश टेपबरोबर सोलून आलं, आणि जिथे नाही आलं तिथे चिकटा बसला.

भुसा
आमचं सगळं फर्निचर पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद. एकदा जोडून ठेवायला उत्तम. आम्ही तीनदा घर बदललं. पाट्या जोडणारे मिनिफिक्स (फिरवून आवळायचे धातूचे जोड) टिकले, पण दाराच्या बिजागरीचे स्क्रू थेट बोर्डात जातात, ते तिसऱ्या वेळी नुसते गरगर फिरायला लागले. शेवटी आगकाडीचं गुल काढून काडी गोंदात बुडवली, भोकात ठोकली, वर आली ती कापली आणि एक दिवस वाळू दिली. मग स्क्रू धरला. परत बसवताना ड्रिल मशीन वापरू नका, हातानं पिळा. पकड आली की थांबा, नाहीतर पुढच्या अर्ध्या फेरीत भोक खलास.

तसंच कपाट उचलायचं असेल तर मागची पातळ पाठ आधी काढू नका. कपाट काटकोनात धरून ठेवण्याचं काम तीच करते. आम्ही 'वजन कमी करू' म्हणून काढली आणि अख्खा सांगाडा तिरका झाला.

कर्ण
मी मोजमापाचा माणूस. नव्या घराचं दार, लिफ्ट, जिन्याचं वळण, सगळं टेपनं मोजलं. छत २४४ सेंमी, कपाट २४० सेंमी. चार सेंमी शिल्लक, म्हणून निर्धास्त होतो.

सुतारानं कपाट जमिनीवर आडवं ठेवून जोडलं. उभं करायला घेतलं आणि वरची कड छताला जाऊन टेकली. पुढे जाईना. आडवं कपाट उभं करताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो. २४० उंच आणि ६० खोल, म्हणजे कर्ण २४७ च्या थोडा वर. शाळेत हे प्रमेय मी घोकून पाठ केलं होतं. सुतार काही बोलला नाही, नुसता माझ्या हातातल्या टेपकडे बघत राहिला. सगळं पुन्हा खोललं आणि दोघांनी बाजू धरून उभ्यानंच जोडलं.

तिसरी चावी
ऑफिसचा अनुभव. चाळीस टेबलं, प्रत्येकाखाली एक ड्रॉवरचं खोकं. 'आपापलं खोकं रिकामं करून कुलूप लावा' असं सगळ्यांना कळवलं. लोकांनी कुलूप लावलं आणि चावी खिशात घालून घरी गेले. रिकामं मात्र फारसं कोणी केलं नव्हतं. एकात सापडला विटांइतका जड कागद, एकात डंबेल्स.

फायलींचं लोखंडी कपाट 'कागद राहू देत आत' या आदेशानुसार भरलेलंच उचललं. जिन्यात तिरकं झाल्यावर वरचा खण सुटून पुढच्या माणसाच्या छातीवर आला. इजा झाली नाही, नशीब. तेव्हापासून खण वेगळे काढायचे किंवा पट्टा आवळायचा, आणि चावी कपाटाच्याच क्रमांकाच्या पाकिटात.

अजून एक. पार्टिशनमधून वायरी गेलेल्या असतात. इलेक्ट्रिशियनला सुतारांच्या आधी बोलवा. आमचे सुतार अर्धा दिवस चहा पीत बसले होते.

घाबरट
हायड्रॉलिक बेड. सामान काढलं, गादी उचलली, खटका सोडला आणि झाकण फाडकन वर! आतले गॅसचे दांडे गादीचं वजन धरून बसवलेले असतात, हे नंतर कळलं. हनुवटी थोडक्यात वाचली. दांडे काढायचे तर झाकण पूर्ण उघडून, कारण तेव्हा ते सगळ्यात कमी दाबलेले असतात. आणि दुसऱ्या माणसानं झाकण धरलेलंच हवं, कारण दांडे निघाले की तेच झाकण खाली येतं.

पाचवा मजला
@घाबरट, बाप रे. आमचाही तसाच बेड आहे, यावेळी दोघं मिळून काढू.

काच राहिली. टेबलाची काच आडवी नेऊ नका. स्वतःच्याच वजनानं मध्ये वाकते, वर एखादा खोका ठेवला की संपलं. ब्लँकेटमध्ये गुंडाळून, कड खाली ठेवून उभी न्यायची. संगमरवराचंही तेच.

नवं पॉलिश
माझा छोटासा. बांधलेलं फर्निचर फार दिवस तसंच ठेवू नका, लगेच सोडा! डायनिंग टेबलाला ताजं पॉलिश केलं, त्यावर थेट बबल रॅप गुंडाळला आणि नव्या घराचं काम रखडल्यामुळे महिनाभर ते तसंच उकाड्यात पडून राहिलं. मध्ये जुनी चादर घालायला हवी होती. रॅप काढला तर टेबलभर गोल गोल ठसे. समोरून कळत नाही, पण संध्याकाळी खिडकीतून तिरका उजेड आला की अजून मोजता येतात.