शिवजन्माचे साल १६२७ वरून १६३० वर कसे आले?

जुनी पाने:
आजोबांचे शाळेतील इतिहासाचे पुस्तक परवा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडले. त्यात शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल १६२७ दिले आहे. माझ्या मुलीच्या चौथीच्या पुस्तकात मात्र १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ती म्हणाली, "बाबा, महाराज तीन वर्षांनी लहान कसे झाले?" शासनाने तारीख ठरवली एवढेच मला ठाऊक होते, आणि ते उत्तर माझे मलाच पटेना, कारण शासनाच्या ठरावाने कोणाचा जन्म मागेपुढे होत नाही. हा बदल नेमका कोणत्या पुराव्यावर झाला, आणि तो पुरावा आधीच्यापेक्षा भरवशाचा का मानायचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बोरू:
शासनाचा निर्णय अगदी अलीकडचा, या शतकाच्या सुरुवातीचा आहे. वाद त्याच्या कितीतरी आधीचा. शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी उत्तरकालीन बखरींतून आली. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासातही १६२७ हेच साल असल्यामुळे ते शाळाशाळांतून पाठ झाले. गंमत अशी की, काळाने महाराजांना सर्वांत जवळची असलेली सभासदाची बखर, जी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली, ती जन्मतिथी देतच नाही.

१९१६ साली लोकमान्य टिळकांनी भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातील हा कागद. शकावलीत वर्णन नसते, स्तुती नसते. शक, महिना, तिथी, आणि त्या दिवशी काय घडले याची एखाददुसरी ओळ, एवढाच मामला. शके १५४० ते १६१९ अशा सुमारे ऐंशी वर्षांच्या या नोंदी असून त्यांत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी असा आहे.

आता भरवशाविषयी. एखाद्या कागदातील जी नोंद आपल्याला तपासता येत नाही ती मानावी की नाही, हे त्याच कागदातील तपासता येणाऱ्या नोंदी कशा उतरतात त्यावरून ठरवतात. आग्र्याहून सुटकेची शकावलीतील तिथी श्रावण वद्य द्वादशी आहे. शकावली छापून झाल्यावर कितीतरी वर्षांनी जयपूरच्या दप्तरातील राजस्थानी पत्रे उजेडात आली. ती मिर्झाराजांच्या पदरच्या माणसांनी त्याच दिवसांत आग्र्याहून लिहिलेली होती, त्यांचा कारीच्या देशमुखांशी काडीचा संबंध नव्हता, आणि त्यांतूनही ऑगस्ट १६६६ चा तोच सुमार निघाला. अशा कसोट्यांवर शकावली उतरत गेली, म्हणून तिच्या जन्मतिथीलाही वजन आले. पुढे तंजावरला मिळालेले परमानंदाचे 'शिवभारत' १९२७ साली छापले गेले. हे संस्कृत काव्य महाराजांच्या हयातीतले आहे, आणि त्यातही हीच तिथी निघाली.

शंकेखोर:
बोरू यांचे म्हणणे मान्य आहे, पण ते थोडे सरळसोट वाटते. हाती आलेली शकावली ही नक्कल आहे. परमानंद दरबारी कवी; तो नायकाला शुभ लग्नावरच जन्माला घालणार. जोधपूरला सापडलेल्या कुंडलीचा दाखला नेहमी देतात, परंतु राजा मोठा झाल्यावर ज्योतिषी मागाहूनही कुंडली मांडू शकतो. नक्कल करताना काय होते ते मी घरीच पाहिले आहे. आमच्या वंशावळीच्या दोन प्रतींपैकी एकीत शके १७११ आहे आणि दुसरीत १७९१. मूळ कागद भिंगाखाली धरला तेव्हा कळले की, एकाच्या आकड्याशेजारी शाईचा ठिपका पसरला होता आणि नक्कल करणाऱ्याने इमानेइतबारे त्याचा नऊ केला होता. त्या ठिपक्याने आमचे एक पणजोबा ऐंशी वर्षे पुढे ढकलले गेले!

तिथीमिती:
आकड्याची चूक पकडण्यासाठीच तर जुन्या नोंदींत शकाबरोबर संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातील त्या वर्षाचे नाव), तिथी, वार आणि नक्षत्रही देत. शके १५४९ हे प्रभव संवत्सर, म्हणून १५५१ हे शुक्ल. शकावली आणि शिवभारत दोन्हींत शुक्लच आहे. त्या वर्षीची फाल्गुन वद्य तृतीया गणिताने शुक्रवारी येते आणि चंद्र हस्त नक्षत्रात येतो, तेही नोंदीशी जुळते. शक एका वर्षाने जरी चुकला असता तरी संवत्सर आणि वार दोन्ही बिघडले असते. शिवभारतात तर आकडाच नाही, शब्द आहेत: भू, बाण, प्राण, चंद्र, म्हणजे एक, पाच, पाच, एक. असे शब्दांक उजवीकडून वाचायचे असतात. १५५१ मात्र कसाही वाचला तरी १५५१.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगा. १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येतात आणि पुष्कळांचा तेथे गोंधळ होतो. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना असल्यामुळे तोवर इंग्रजी साल बदललेले असते, म्हणून येथे ७९ मिळवायचे. शिवाय १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो.

अर्थात एवढ्याने शंकेखोर यांच्या शंकेचे पूर्ण निरसन होत नाही. गणित जुळले म्हणजे नोंद बिनचूक उतरवली गेली एवढेच कळते. त्या दिवशी जन्म झाला हे गणित सांगू शकत नाही.

बोरू:
बरोबर. भोसल्यांच्या दरबारात जी तिथी प्रचलित असेल तीच जेध्यांकडे आणि परमानंदाकडे पोहोचली असणे शक्य आहे. मग ते दोन साक्षीदार नव्हेत, दीडच. जोधपूरच्या कुंडलीचे महत्त्व म्हणूनच वाटते. ती मागाहून मांडलेली असली, तरी विक्रम संवत १६८६ (म्हणजेच शके १५५१) आणि शुक्रवार देणारा तो कागद महाराष्ट्राबाहेरच्या संग्रहातला आहे. परिस्थितीही विचारात घ्यावी. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांची निजामशहाच्या दरबारात हत्या झाली, शहाजीराजांची धावपळ चालू होती, आणि अशा वेळी गरोदर जिजाबाईंना शिवनेरीसारख्या बळकट किल्ल्यावर ठेवणे समजण्यासारखे आहे. हा पुरावा नव्हे, पूरक विचार आहे. यापेक्षा जुना आणि १६२७ सांगणारा समकालीन कागद उद्या कोणाच्या दप्तरात निघाला, तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

जुनी पाने:
सर्वांचे आभार. ७९ चा हिशेब मुलीने स्वतः करून पाहिला. आजोबांच्या पुस्तकातील १६२७ खोडायला ती रबर घेऊन बसली होती, ते मी काढून घेतले. छापील शाई रबराने जात नाही हे तिला सांगावे लागले. आता ती शकावली दाखवा म्हणते आहे. मोडी आम्हा दोघांनाही येत नाही. काय करावे?

बोरू:
मोडीची गरज नाही, शकावली देवनागरीत छापलेली आहे. जवळच्या जुन्या ग्रंथालयात संदर्भ विभागात विचारा. तिला आधी आग्र्याची नोंद काढून दाखवा. पेटाऱ्यांची गोष्ट तिला ठाऊक असेलच.