तांबडा फीडर लावला, पण पक्षी येईना

देवगडची काकू:
मुलाने न्यू जर्सीहून येताना तांबडा फीडर आणला. त्याच्याकडे अंगणात म्हणे हमिंगबर्ड येतात. आमचं मागीलदार म्हणजे चिऱ्याच्या दोन भिंतींमधली दहा बाय सहाची फरशी, एप्रिलच्या दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहवत नाही. पत्र्याखाली साखरपाणी लटकवून महिना झाला. आलं कोण, तर मुंग्या. दुसऱ्या दिवशीच पाण्याला ताडीसारखा वास. शेजारच्या कलमावर मात्र ते काळेजांभळे इवलेसे पक्षी दिवसभर किलबिलतात. त्यांना आमच्याकडे कसं वळवायचं? मे महिन्यात विहीर तळाला जाते, तेव्हा पाणी फार लागेल असलं काही सुचवू नका.

चष्मेवाला:
हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत, आपल्याकडे एकही नाही. तुम्ही बघताय तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. आणि तिन्हीसांजेला फुलापुढे हवेत तरंगून लांब सोंड खुपसणारं काही दिसलं, तर तो पतंग.

वेंगुर्ल्याचं परसू:
काकू, त्या कलमाच्या फांद्या नीट बघा. बांडगूळ असणार, नळीसारख्या शेंदरी फुलांचं. शिंजीर आंब्यासाठी नाही, त्या फुलांसाठी येतो. बागायतदार त्यावर कोयता घेऊन उठतात, तेही बरोबरच आहे, झाड सुकतं. आमच्याकडे वडिलांनी सगळं काढलं आणि दोन वर्षं पक्षी दिसेनासे झाले. मग मी केळ लावली, न्हाणीच्या पाण्यावर. वेगळं शिंपण नाही. केळफुलाचं एकेक पान उचललं जातं, आत फण्यांची फुलं उघडी पडतात, आणि शिंजीर पानाच्या कडेला उलटा लोंबकळून चोच घालतो. हे बघत माझा चहा रोज गार होतो.

हमिंगबर्ड हवेत थांबून पितो. आपला शिंजीर क्षणभर तरंगेल, पण जमेल तिथे बसूनच पितो. म्हणून फुलाजवळ बसायला काटकी हवी. कुंडीत एकेरी जास्वंद लावा, दुहेरी नको. मोठ्या फुलाला तो बरेचदा समोरून जात नाही, देठाकडून भोक पाडून रस ओढतो. जागा उरली तर एक्झोरा, तो उन्हाला दाद देत नाही.

आणि कोळिष्टकं झाडू नका! घरटं मादी बांधते, कोळ्याच्या धाग्याने, सुकलेल्या पानांचं. आमच्याकडे बल्बच्या वायरला लटकवलं होतं, बाजूला दार आणि दारावर चक्क छज्जा. पिल्लांना ती किडे-कोळी भरवते, तेव्हा फवारणीही बंद.

शहाळं:
साखरपाण्याला एवढी नावं कशाला? चार वाट्या पाणी, एक वाटी साखर, रंग नको, मध-गूळ नको. उन्हाळ्यात रोज बदलायचं, बाटली गरम पाण्याने घासायची. माझ्याकडे येतात.

वेंगुर्ल्याचं परसू:
येत असतील. पण मे महिन्यात रोज बाटली घासायला काकूंनी पाणी कुठून आणायचं?

देवगडची काकू:
ऑगस्ट झाला, कळवायचं राहिलं. केळ लावली, फुलायला अजून बराच वेळ आहे. जास्वंदाची कुंडी न्हाणीच्या खिडकीत ठेवली. आठवड्याने मादी आली, पोट पिवळसर, बाकी साधीच. नर आला तो ह्यांच्या स्कूटरच्या आरशाशी भांडायला, सकाळी सात ते नऊ. शेवटी आरशाला जुना मोजा घातला. बांडगुळाचंही खरं निघालं. शेजाऱ्यांना सांगितलं, तर ते लगेच कोयता शोधायला लागले, तेव्हा ती चूक माझीच.

फीडर रिकामाच आहे, काढला नाही. मादी त्याच्या तारेवर बसून चोच पुसते. तोच फोटो मुलाला पाठवला. फीडरमध्ये काय भरतेस, हे त्याने विचारलं नाही.