कंट्रोल फक्त ० किंवा १, राउंड केलं की उत्तर बिघडतंय

घातांक: लोटका-व्होल्टेरा (भक्ष्य-भक्षक प्रजातींचं मॉडेल) फिशिंग प्रॉब्लेम करतोय. मासेमारी चालू की बंद एवढाच कंट्रोल, दोन्ही प्रजाती १ च्या आसपास ठेवायच्या, वेळ ० ते १२. कॅसाडीमध्ये (ऑप्टिमायझेशनची लायब्ररी) वेळेचे १२० तुकडे, म्हणजे इंटरव्हल, घेतलेत. बॉनमिनला (पूर्णांक हाताळणारा सॉल्व्हर) दिलं तर संपायचं नावच घेत नाही, म्हणून रिलॅक्स करून (० ते १ मधलं काहीही चालेल असं धरून) आयपॉप्टला (पूर्णांक न हाताळणारा सॉल्व्हर) दिलं, ते झटक्यात येतं पण मधल्या पट्ट्यात ना ० ना १ असलं काहीतरी येतं आणि ०.५ ला राउंड केलं की ट्रॅजेक्टरी भलतीकडेच जाते. काय करू?

सिंग्युलर_सदू: २ चा १२० वा घात म्हणजे ३७ आकडी संख्या, बॉनमिनला कशाला दोष देतोस 😄 मधला पट्टा म्हणजे सिंग्युलर आर्क (जिथे सर्वोत्तम कंट्रोल टोकाला न जाता मधेच राहतो), तो या प्रॉब्लेममध्ये येणारच. प्रत्येक इंटरव्हल सुटा राउंड करू नको, उधारी पुढे ओढत ने, खात्यात ०.५ किंवा जास्त साचलं की १ दे. याला सम-अप राउंडिंग म्हणतात, हायडेलबर्गला झेबास्टियान झागरने पीएचडीत (२००५) यावर बरंच काम केलंय. समज ओळीने पाच वेळा ०.४ आलं. तुझ्या पद्धतीने पाचही ०. इथे आधी ०.४ साचलं, ० दे. मग ०.८, १ दे, खात्यात उणे ०.२. असं करत ०,१,०,१,० येतं, म्हणजे पाचात दोन, बरोब्बर ०.४. सारख्या ग्रिडवर दोन्ही कंट्रोलच्या इंटिग्रलमधला फरक अर्ध्या स्टेपच्या वर जात नाही, त्यामुळे ग्रिड बारीक केलीस की स्टेटही (प्रजातींचे आकडे) रिलॅक्स्डला चिकटत जातात. तुझं रिलॅक्स्ड ऑब्जेक्टिव्ह (प्रजाती १ पासून किती भरकटल्या त्याचा एकूण आकडा) १.३४४ च्या जवळपास आहे ना ते आधी बघ.

गिअरबॉक्स: एक भर घालतो. इथे कंट्रोल समीकरणात लिनिअर आहे म्हणून सरळ रिलॅक्स केलं तर चालतं. गाडीचा गिअर असता तर अडीचावा गिअर म्हणजे काय? तिथे प्रत्येक गिअरसाठी समीकरणाची उजवी बाजू वेगळी लिहायची, त्यांना वजनं द्यायची, वजनांची बेरीज १. याला आउटर कन्व्हेक्सिफिकेशन म्हणतात.

घातांक: भारी, जमलं! पण आता मधे सारखं चालू-बंद, चालू-बंद होतंय. बोट अशी कोण चालवेल?

सिंग्युलर_सदू: ते चॅटरिंग, ग्रिड बारीक कराल तसं वाढतच जाणार. किमान इतका वेळ चालू राहिलं पाहिजे अशी अट घाल आणि रिलॅक्स्ड कंट्रोलच्या जास्तीत जास्त जवळ जाणारा ०-१ कंट्रोल एमआयएलपीने (मिक्स्ड-इंटिजर लिनिअर प्रोग्रॅम) शोध, त्यात डिफरन्शियल इक्वेशनच नसतं म्हणून लवकर सुटतो. पायकॉम्बिना ही लायब्ररी याच कामाची आहे. मग आलेला क्रम कायम ठेवून फक्त स्विचिंगच्या वेळा व्हेरिएबल घे आणि परत आयपॉप्ट. मात्र या शेवटच्या स्टेपला सुरुवातीचा अंदाज रँडम देऊ नको, एमआयएलपीच्याच वेळा दे, नाहीतर कुठल्यातरी लोकल मिनिममला (आसपास बरं, पण एकूणात सर्वोत्तम नसलेलं उत्तर) जाऊन बसेल.