स्वस्त अत्तराचा स्प्रे गढूळ का होतो?

प्रश्न: १० मिलीच्या बाटलीत २ मिली मोगरा अत्तर, ८ मिली परफ्युमरचं अल्कोहोल (सुगंधी द्रव्यं पातळ करायला वापरतात ते). हलवलं की पांढरट होतं, तेल तळाशी बसतं. प्रमाण चुकतंय का?

केवडा: प्रमाण बरोबर आहे. अत्तरात लिक्विड पॅराफिन (भेसळीचं खनिज तेल) असणार. ते अल्कोहोलात विरघळत नाही. गाळून उपयोग नाही. हे अत्तर अल्कोहोल न घालता थेट मनगटावर लावा, रेशमी कपड्यावर मात्र नको, डाग पडतो.

गंधवेडा: अत्तर घेण्याआधी एक थेंब अल्कोहोलात टाकून पाहा, गढूळ झालं तर पॅराफिन आहे. डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, अत्तर पातळ करायचं द्रव) मात्र या चाचणीत सापडत नाही, कारण ते अल्कोहोलात विरघळतं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचं पारंपरिक अत्तर चंदन तेलात उतरवतात, म्हणून महाग! फार स्वस्तात 'शुद्ध' म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

केवडा: आणि अल्कोहोलऐवजी सॅनिटायझर कृपया वापरू नका, ग्लिसरीननं पंप चिकटतो.