एकाच गुडघ्याचे दोन एक्स-रे, दोन वेगळे रिपोर्ट: शस्त्रक्रिया कोणती?

प्रश्न: समुदाय आरोग्य अधिकारी, यवतमाळ जिल्हा

उपकेंद्रात येणाऱ्या एका मावशींबद्दल विचारते. वय ५८, वजन ७१ किलो, शेतमजुरी. निंदण असो की कापसाची वेचणी, दिवस वाकून नाहीतर उकिडवं बसून जातो. उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, पाय बाहेरच्या अंगाला कमानदार झालाय, आता रात्रीही ठणक असते. तालुक्याला काढलेल्या एक्स-रेत ‘किंचित झीज’ लिहिलंय. महिन्याभरात जिल्ह्याला काढलेल्यात ‘आतला गॅप संपला, ग्रेड ४’, म्हणजे झिजेची शेवटची पायरी. एकीकडे दुर्बिणीने सांधा धुवायला सांगितलं, दुसरीकडे बदलायला. शुगर आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९. कुठे आणि कशासाठी पाठवू?

उत्तर: अस्थिरोगतज्ज्ञ, वर्धा

ताई, दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. पहिली फिल्म (एक्स-रे) बहुधा झोपवून काढली आहे. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. पेशंट आडवा असला की सांध्यावर भार नसतो, त्यामुळे कूर्चा गेलेली असली तरी हाडं दूरच राहतात. उभं राहिल्यावर ती एकमेकांवर टेकतात आणि झीज उघडी पडते. म्हणून फिल्म उभ्यानेच हवी, दोन्ही गुडघ्यांची. शिवाय गुडघे ४५ अंशांत वाकवून मागून घेतलेली एक. बऱ्याच जणांची झीज मांडीच्या हाडाच्या मागच्या भागात जास्त असते, ती सरळ पायाच्या फिल्ममध्ये सुटते.

गुडघ्यातली कूर्चा साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड. तिला रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. म्हणून ती झिजताना दुखत नाही आणि झिजल्यावर भरूनही येत नाही. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. त्यामुळे ग्रेड ४ असून चालणारे भेटतात आणि ग्रेड २ असून बेजार झालेलेही. नुसत्या ग्रेडवर शस्त्रक्रिया ठरवू नये.

ठरवायचं ते झीज कुठे आहे यावर. फक्त आतला कप्पा गेला असेल, बाहेरची कूर्चा शाबूत असेल, गुडघा पूर्ण सरळ होत असेल, तर नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून पाय सरळ करता येतो. भार बाहेरच्या निरोगी कप्प्याकडे सरकतो. साठीच्या आतल्या, अंगमेहनत करणाऱ्या माणसाला हा पर्याय दाखवायलाच हवा, कारण स्वतःचा सांधा राहतो. त्यासाठी खुब्यापासून घोट्यापर्यंतची लांब फिल्म लागते. भाराची रेषा मोजल्याशिवाय किती अंश सरळ करायचं ते कळत नाही. कमी केलं तर दुखणं तसंच राहतं, जास्त केलं तर बाहेरचा कप्पा झिजतो.

पुढचा स्नायुबंध शाबूत आणि कमान हाताने सरळ होणारी असेल तर अर्धा सांधाही बदलता येतो. आतला, बाहेरचा आणि वाटीखालचा असे तिन्ही भाग गेले असतील किंवा गुडघा वाकलेलाच अडकला असेल तर पूर्ण. ‘पूर्ण’ म्हणजे अख्खा गुडघा काढत नाहीत. दोन्ही हाडांची टोकं साधारण ८ ते १० मिलिमीटर कापून वर धातू बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीन.

दुर्बिणीने धुण्याबाबत मी ठामपणे नको म्हणेन. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर तुलना झाली: काहींचा गुडघा धुतला किंवा तासला, काहींना फक्त वरून चिरा दिल्या. दोन वर्षं पाहिलं, फरक पडला नाही.

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, अमरावती

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंतचा वेळ वाया घालवू नका. पाय सरळ ठेवून टाचेखाली टॉवेल घेऊन गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद धरायचा, १० वेळा, दिवसातून तीनदा. शस्त्रक्रियेनंतर याच स्नायूवर उभं राहायचं असतं. काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. बहुतेक जण उलटी धरतात. १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. आणि रात्री गुडघ्याखाली उशी नको. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेला अडकतो आणि वर सांगितलेला हाड कापून सरळ करण्याचा पर्याय हातचा जातो.

डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीवर लक्ष ठेवा. मे महिन्यात वावरात घाम गाळून, पाणी कमी पिऊन ही गोळी रोज घेतली, त्यात शुगर, तर मूत्रपिंडाला फटका बसतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. राहिलं ते असं: मावशी रोज खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात, आणि घरात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. याने काही बदलतं का?

उत्तर: भूलतज्ज्ञ, नागपूर

बरंच बदलतं. सिकलसेलची प्राथमिक, म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी झाली नसेल तर आधी ती करा, पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण ते सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस. वाहक आणि रुग्ण यांत भूल देताना मोठा फरक आहे. रुग्ण असेल तर मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवावं का, इथपासून विचार करावा लागतो. सिकलमध्ये रक्त न मिळाल्याने खुब्याचा गोळा सुकतो आणि ते दुखणं गुडघ्यातही जाणवतं. मावशींना उताणं झोपवून खुबा ९० अंशांत वाकवा, पाय आत वळवा. जांघेत कळ आली तर खुब्याचीही फिल्म हवी.

खर्रा बंद. त्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कापलेलं हाड जुळायला उशीर लागतो. किमान ४ ते ६ आठवडे आधी आणि हाड जुळेपर्यंत. एचबीएवनसी ८ च्या खाली आणा. टाचांच्या भेगा, रुतलेला काटा, किडलेला दात, लघवीची जळजळ, हे सगळं आधी बरं करा. जंतू तिथूनच नव्या सांध्यापर्यंत जातात. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर सांधा बदलायला ३ महिने थांबतात, म्हणून तारीख विचारून ठेवा.

सरकारी आरोग्य योजनेतून व्हायचं असेल तर त्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया बसते का, ते आरोग्यमित्राला आधीच विचारा. वेचणी उलगल्यावरची तारीख घ्या आणि घरी कमोडची खुर्ची आधी आणा, कारण सांधा बदलल्यावर उकिडवं बसणं बंद. चिठ्ठीसोबत फिल्म स्वतः पाठवा, रिपोर्टचा कागद पुरत नाही.