हिरड्या सुजण्यामागे बीपीची गोळीही असू शकते

हिरड्यांतून रक्त आलं की समजावं बीपी वाढलंय, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. रक्त बहुतेक वेळा दातांच्या मुळाशी साचलेल्या कीटणामुळे येतं. बीपी मशीननेच मोजायचं. संबंध नाही असं मात्र नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलंडमधल्या एका प्रयोगात, बीपी आणि हिरड्यांचा आजार दोन्ही असलेल्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर दोन महिन्यांत वरचा आकडा सरासरी दहा-अकराने उतरला होता. प्रयोग शंभरेक जणांचाच, त्यामुळे लगेच गोळ्या सोडू नका!

पण उलटा रस्ताही आहे, बीपीच्या गोळीनेच हिरड्या बिघडू शकतात. अम्लोडिपिन ही आपल्याकडे घरोघरी चालणारी बीपीची गोळी. तिने काहींच्या हिरड्या वाढतात, विशेषतः पुढच्या दातांच्या फटींत गुठळीसारख्या. दात अस्वच्छ असले तर जास्तच. आमच्या आईचं हेच झालं. ती महिनोन्महिने मिठाच्या गुळण्या करत बसली (आणि वर मिश्री, ती सुटता सुटत नाही). शेवटी दादरच्या डेंटिस्टबाईंनी तोंडात बघून पहिला प्रश्न विचारला, "काकू, बीपीची गोळी कोणती घेता?" दात साफ केले, चिठ्ठी दिली, फिजिशियननी गोळी बदलली, आणि काही महिन्यांत सूज बरीच ओसरली. खर्चाची अडचण असेल त्यांनी मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात दाखवावं. रांग असते, सकाळी लवकर जा आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.