वॉल्श-मॅक्लीन हवेली इंडोनेशियाला इतक्या स्वस्तात कशी मिळाली?

प्रश्न

वॉशिंग्टनच्या मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूवरील ज्या हवेलीत आज इंडोनेशियाचा दूतावास आहे, ती कोलोरॅडोतील सोन्याच्या खाणीतून धनाढ्य झालेल्या थॉमस वॉल्श यांनी १९०३ मध्ये बांधून पूर्ण केली. साठ खोल्यांच्या या वास्तूवर तेव्हा ८,३५,००० डॉलर खर्च झाले होते, परंतु १९५१ मध्ये इंडोनेशियाने ती केवळ ३,३५,००० डॉलरना विकत घेतली. असे का झाले? शिवाय ही जागा आता इंडोनेशियाची भूमी मानली जाते काय?

प्रतिसाद १

अशा घरांना खासगी गिऱ्हाईकच उरले नव्हते, हे त्याचे मुख्य कारण होय. नोकरांच्या ताफ्याशिवाय न चालणारी ही घरे प्राप्तिकर नसलेल्या काळात बांधली गेली. १९१३ मध्ये तो कर आला, १९१६ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरही कर लागला आणि १९२९ च्या मंदीने उरलीसुरली ऐपत संपवली. वॉल्श यांच्या जावयाच्या मॅक्लीन कुटुंबाचे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ हे वृत्तपत्र १९३३ मध्ये लिलावात ८,२५,००० डॉलरना गेले, म्हणजे या एका घराच्या बांधकाम खर्चापेक्षाही कमी किमतीला! वॉल्श यांची कन्या एव्हलिन ही गोवळकोंड्याच्या प्रदेशातून गेलेल्या प्रसिद्ध होप हिऱ्याची मालकीण होती, पण १९४७ मध्ये तिच्या निधनानंतर कर्जफेडीसाठी तोही विकावा लागला.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे. खरेदीदाराची बाजूही पाहावी. १९४९ च्या अखेरीस ज्याच्या सार्वभौमत्वाला मान्यता मिळाली, त्या नव्या राष्ट्राला राजधानीत मानाची जागा हवी होती, आणि कुटुंबाला जड झालेली प्रशस्त दालने स्वागतसमारंभ व कचेऱ्या यांसाठी सोयीचीच ठरली. तीन मजले उंच मोकळ्या चौकातील महोगनीचा दुभंगणारा जिना आजही पाहण्यासारखा आहे. २०१३ पासून दारापुढे सरस्वतीची भव्य मूर्ती उभी आहे, ही माहिती आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

प्रतिसाद ३

दुसऱ्या प्रश्नाविषयी: मालकी इंडोनेशियाची असली, तरी भूमी अमेरिकेचीच आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २२ नुसार राजदूतांच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना दूतावासात प्रवेश करता येत नाही आणि कलम २३ नुसार वास्तूवरील करांतून सूट मिळते. ‘परकी भूमी’ हा समज बहुधा त्यातूनच रूढ झाला असावा. मात्र कलम ४१ प्रमाणे स्थानिक कायद्यांचा आदर राखणे राजनैतिक अधिकाऱ्यांनाही बंधनकारक आहे.